लुथरन कॉलेजात आप्ताच्या नावे शिष्यवृत्ती ठेवायची तर

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेकोरा गावचं लूथर कॉलेज (१८६१) आणि मिनेसोटात नॉर्थफील्डचं सेंट ओलाफ (१८७४) ही नॉर्वेहून आलेल्या लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबांनी उभी केलेली कॉलेजं. अशा कॉलेजात शिकलेल्या किंवा शिकवलेल्या आप्ताच्या नावे शिष्यवृत्ती ठेवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी कराराचा मसुदा मागवा आणि शब्द न् शब्द वाचा.

आधी आकडा. कायम निधीत मुद्दल गुंतवलेलं राहतं आणि दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के रक्कम खर्चाला निघते, बहुधा मागच्या काही वर्षांच्या सरासरी मूल्यावर. ५०,००० डॉलरवर ४.५ टक्क्यांनी २,२५० डॉलर. किमान रक्कम प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. ती हप्त्यांनी भरता येते का, हे विचारा. किमान रक्कम पुरी होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती सहसा काही पडत नाही, म्हणून तेवढी वर्षं थेट वाटपासाठी थोडी वेगळी रक्कम द्यावी. बाजार पडून निधी मुद्दलाखाली गेला तर वाटप चालू राहील का, हेही करारात हवं.

सगळ्यात जास्त वेळ निकषांना द्या. ‘अमुक गावची, अमुक चर्चची, व्हायोलिन वाजवणारी विद्यार्थिनी’ असं लिहिलंत तर काही वर्षं कुणीच बसत नाही आणि पैसे पडून राहतात. ‘अट’ नको, ‘प्राधान्य’ लिहा. विषय बंद झाला तर जवळच्या विषयाकडे वळवण्याची मुभा कॉलेजला द्या. ‘फाफ्सा’ अर्जावरून (अमेरिकी सरकारी शिक्षण-मदतीसाठीचा अर्ज) गरज ठरेल असं लिहिलंत, तर स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं, म्हणजे पुण्या-नागपूरहून गेलेलीही, बाहेर राहतात. त्या अर्जावरून मिळणाऱ्या सरकारी मदतीला ती पात्रच नसतात. ‘गरज कॉलेज ठरवेल’ एवढं पुरे.

निवड मात्र कॉलेजकडेच राहू द्या. विशिष्ट मुलासाठी म्हणून दिलेल्या पैशावर करसवलत मिळत नाही. आणि एक प्रश्न स्पष्ट विचाराच: ही रक्कम आधी देऊ केलेल्या मदतीवर वाढीव मिळेल, की कॉलेज आपली मदत तेवढीच कमी करेल? तसं झालं तर घरच्यांचं बिल एका डॉलरनेही उतरत नाही.

वर्षाहून जास्त ठेवलेले, भाव चढलेले शेअर्स न विकता थेट कॉलेजच्या खात्यावर वळवले, तर नफ्यावरचा कर वाचतो. देणगीदाराचं वय साडेसत्तरच्या पुढे असेल, तर आयआरएमधूनही (अमेरिकेतलं वैयक्तिक निवृत्ती-बचत खातं) देता येतं, पण खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडून थेट कॉलेजला. मध्ये स्वतःच्या खात्यात आले की ती सोय गेली. भारतातून पाठवणाऱ्या नातेवाइकांना भारतीय प्राप्तिकरातली ८०जीची (देणगीवरची) वजावट मिळणार नाही.

मृत्यूच्या बातमीत ‘फुलांऐवजी देणगी’ लिहिताना निधीचं नाव करारात आहे तसंच द्या आणि चेकवरही तेच लिहायला सांगा, नाहीतर पैसे कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात जमा होतात.