आधी बीबी ओळखा : सायकल दुरुस्तीच्या धंद्यात येणाऱ्या पोरांसाठी

धुळ्यात एका सायकलच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही पायडलांच्या मधला फ्रेममधला एक्सल आणि त्याची बेरिंगं, आपल्याला येतं असा माझा पक्का समज होता. घरची काळी सायकल लहानपणापासून खोललेली. पायडलचा दांडा म्हणजे क्रॅंक अडकवणारी कॉटर पिन हातोडीने ठोकून काढायची, बेरिंगची वाटी म्हणजे कप सोडवायचा, ताटलीत छर्रे मोजायचे, रॉकेलने धुवायचे, ग्रीस भरून परत बसवायचे. एका बाजूला 11 छर्रे. एखादा हरवलाच तर 10 वर भागायचं, गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही.

पहिल्याच महिन्यात एक गिअरची माउंटन बाईक आली. लळिंगच्या किल्ल्याखालच्या कच्च्या रस्त्याने फिरणारा मुलगा, तक्रार एकच, चढावर कटकट आवाज. मी क्रॅंक उतरवली, चेनच्या बाजूच्या कपात खाचांचा पाना घातला आणि नेहमीप्रमाणे डावीकडे ओढला. हलेना. पान्याला दोन फुटी पाइप लावला. मग पाना सटकला, कपाच्या खाचा गुळगुळीत झाल्या आणि माझी बोटं चेनरिंगच्या, म्हणजे पुढच्या दातेरी चकतीच्या, दातांवर. आतून दुकानातले काका ओरडले, ‘‘सोडी नई ऱ्हायना भो, घट्ट करी ऱ्हायना तू!’’ तो कप काढायला अर्धा दिवस गेला आणि नव्या बीबीचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले.

चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मी असं शिकलो. पायडल मारताना बेरिंग फिरतं आणि त्या ओढीने कप हळूहळू सुटू पाहतो, म्हणून त्या बाजूला उलटा आटा. लक्षात ठेवायला काकांची युक्ती : पाना कपात उभा धरा, दांडी वर. दोन्ही बाजूंना दांडी पुढच्या चाकाकडे ओढली की सुटतं, मागच्या चाकाकडे ओढली की आवळतं. इटालियन आट्याची फ्रेम आली तर हे लागू नाही, तिथे दोन्ही बाजू सरळ आट्याच्या. पण तशी सायकल आमच्याकडे माउंटन बाईकमध्ये मी पाहिलेली नाही.

स्वस्त आणि मध्यम गाड्यांत बहुतेक चौकोनी टोकाच्या एक्सलची, बंद डब्यासारखी कार्ट्रिज बीबी असते. आत छर्रे भरायची भानगड नाही, खराब झाली की अख्खी बदलायची. यात नवीन पोरं फसतात ती लांबीत. जुन्या बीबीच्या अंगावर बहुधा 68-122.5 किंवा 73-113 असं छापलेलं असतं. पहिला आकडा फ्रेममधल्या नळीची रुंदी, दुसरा एक्सलची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात 113 ची पडून होती म्हणून 122.5 च्या जागी बसवली, तर छोटी चेनरिंग मागच्या फ्रेमला घासते आणि चेन तिरकी चालते. छापलेलं मळाने पुसलं गेलं असेल तर व्हर्निअर घ्या. अंदाजाने माल मागवू नका. आणि क्रॅंकचा बोल्ट 35 ते 50 न्यूटन-मीटरवर (आवळण्याच्या जोराचं माप) आवळा. तो ढिला ठेवून कोणी तीस किलोमीटर चालवली, तर ॲल्युमिनियमच्या क्रॅंकचं चौकोनी भोक गोल होतं. मग क्रॅंक भंगारात.

त्याच्या वरच्या गाड्यांत बेरिंग फ्रेमच्या बाहेर गेलं. शिमानो कंपनीच्या हॉलोटेक टू मध्ये 24 मिलिमीटरचा पोकळ एक्सल उजव्या क्रॅंकला जोडलेलाच असतो, डावी क्रॅंक दोन बोल्टांनी आवळते. नळी 68 ची असेल तर 2.5 मिलिमीटरच्या तीन चकत्या लागतात, दोन उजवीकडे आणि एक डावीकडे. 73 ला साधारण एकच, उजवीकडे. डावीकडची प्लास्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोराने फिरवायची, खेळ जाईपर्यंत. पोरं तिथेही पाइप लावतात! मग बेरिंग महिनाभरात खरखरतं आणि दोष मालाला दिला जातो. नंतर दोन्ही बोल्ट आलटून पालटून 12 ते 14 न्यूटन-मीटरवर आवळायचे. स्रॅम कंपनीचं डब, 2018 साली आलेलं, त्याचा एक्सल 28.99 मिलिमीटरचा. त्यामुळे शिमानोचे कप त्याला चालत नाहीत, म्हणून माल देण्याआधी क्रॅंक कोणती ते विचारा.

प्रेसफिटबद्दल माझं मत आधीच सांगतो : मला आवडत नाही. त्यात आटेच नाहीत, बेरिंगचा कप फ्रेममध्ये दाबून बसवलेला असतो. त्यातलाच एक प्रकार बीबी92, त्याची नळी आतून 41 मिलिमीटरची. फ्रेमचं भोक थोडं जरी वाकडं असलं तरी कुरकुर सुरू, आणि काढायला-बसवायला वेगळी हत्यारं लागतात. हातोडीने बसवू नका. वाकडा गेलेला कप मी एकदा पाहिलाय, फ्रेमच्या कडेला पांढरा ओरखडा पडला होता. पण गिऱ्हाइकाने तीच फ्रेम घेतली असेल तर बोलून उपयोग नाही, हत्यार विकत घ्या.

खानदेशात बीबीचा खरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला चिकटते, वाळली की दगड होते. मग यावल-रावेरकडचं गिऱ्हाईक सायकल केळीच्या बागेतल्या मोटरीच्या पाइपखाली धरतं आणि पाण्याची धार नेमकी क्रॅंकवर मारतं. सीलच्या आत पाणी गेलं की ग्रीस पांढुरकं, दह्यासारखं होतं. ते पाहिलं की मी काही न बोलता नवीन बेरिंग काढतो आणि देताना एवढंच सांगतो, बादली आणि फडकं. पाल किंवा तोरणमाळच्या डोंगरात जायचं म्हणणाऱ्याला मी आट्याची बीबीच सुचवतो. वाटेतल्या कुठल्याही दुकानात तिचाच पाना मिळण्याची शक्यता जास्त.

आवाज आला की लगेच बीबी उघडायची घाईही करू नका. चेन काढून क्रॅंक हाताने फिरवा, मग दोन्ही क्रॅंक धरून आडव्या हलवा. खेळ नाही, खरखर नाही, तर आधी पायडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट आणि सीटची दांडी बघा. परवाच दोंडाईच्याहून आलेल्या गाडीची कटकट सीटच्या दांडीला ग्रीस लावल्यावर गेली. मालक बीबीचे पैसे खिशात घेऊन आला होता, मी वीस रुपये घेतले.