सोर्स कोडमध्ये 'ऱ्य' शोधताना

दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी. माझ्या एका मैत्रिणीने लिबरऑफिस या मुक्त (सोर्स कोड सर्वांना खुला असलेल्या) ऑफिस सॉफ्टवेअरवर एका मुक्त फॉन्टमध्ये कविता टंकली, तर 'दऱ्या'च्या जागी नुक्ता (खालचं टिंब) लागलेला पायमोडका र आणि शेजारी सुटा 'या' उमटायचा. मी तेव्हा लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरात थोडं काम करत होते. म्हणून ती म्हणाली, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडलंय, शोध की." कोड मी कधी उघडलाही नव्हता. त्या शोधात जे कळलं, ते मुक्त प्रकल्पांत नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय.

पहिले दोन दिवस मी सुचेल तो शब्द टाकत बसले. 'मराठी' शोधल्यावर महिन्यांची नावं, चलन, तारखांचे साचे असलेली फाइल मिळाली. अक्षरजुळणीचा, म्हणजे अक्षरं जोडून पडद्यावर आकार ठरवणाऱ्या कोडचा, पत्ताच नाही. आपण ज्या नावाने वस्तू ओळखतो, त्या नावाने प्रकल्प ती ओळखेलच असं नाही. लिबरऑफिसमध्ये रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅमचा फोल्डर 'एसडब्ल्यू' आणि कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅमचा 'एससी', कारण मूळची नावं स्टाररायटर आणि स्टारकॅल्क. देवनागरी, अरबी, थाई या लिप्यांसाठी तिथे 'सीटीएल' (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) हा शब्द चालतो. हे कळलं आणि शोध सुरू झाला. म्हणून आधी अर्धा दिवस फोल्डरांमधल्या रीडमी फाइली वाचण्यात घालवा. तो वेळ नक्की भरून निघतो.

मेनूतला मजकूर शोधताना आणखी एक अडचण येते. कीबोर्डवरून निवडायच्या अक्षराआधी कोडमध्ये नागमोडी रेघेचं चिन्ह असतं, त्यामुळे पडद्यावर दिसणारे 'सेव्ह ॲज' हे शब्द जसेच्या तसे टाकले तर सापडत नाहीत. एकच शब्द घ्या, किंवा मधलं एक अक्षर काहीही चालेल असं रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधाचा साचा) लिहा.

पण कुठे शोधायचं हे ठरवणं त्याहून महत्त्वाचं आहे, आणि ते कोड न उघडताही जमतं. मी तीच ओळ त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्सवर पाहिली. तिथेही तेच. म्हणजे दोष एकट्या लिबरऑफिसचा नव्हता. दोन्हींत अक्षरजुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) करते. लिबरऑफिसने ती २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे वापरायला घेतली.

हार्फबझमध्ये मी थेट 'ऱ' चिकटवून शोधलं आणि हात हलवत परत आले. तिथे अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या ठरलेल्या क्रमांकाने) लिहिलेलं असतं, आणि ऱ चा क्रमांक ०९३१. यू-प्लस, शून्य-एक्स, उलटी तिरकी रेघ, असा पुढचा भाग प्रत्येक जण वेगळा लिहितो. म्हणून नुसते चार आकडे शोधा, इंग्रजी अंकांत. भारतीय लिप्यांच्या फाइलमध्ये ती ओळ सापडली तेव्हा मला खरंच भरून आलं. युनिकोडच्या नियमाने ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होऊ शकतात. तिथे स्पष्ट लिहिलंय की याचे तुकडे करू नका. जगभरचे फोन आणि ब्राउझर वापरतात त्या कोडमध्ये आपल्या दऱ्याखोऱ्यांचं अक्षर कोणीतरी जपून ठेवलं होतं.

एखादी ओळ का आहे, हे कोडपेक्षा इतिहास नीट सांगतो. कोडमधला प्रत्येक बदल गिट या साधनात नोंदलेला असतो. त्याच्या 'गिट लॉग' या आज्ञेला वजाचिन्ह आणि कॅपिटल एस देऊन पुढे मजकूर लिहिला, की तो कधी आला आणि कधी गेला ते बदल दिसतात. यात फाइलचं नाव देऊ नका. हार्फबझने याच फाइलचं नाव मध्यंतरी बदललंय. आजच्या नावापुरतं शोधलंत, तर त्याआधीचा इतिहास सापडणार नाही. लिबरऑफिसच्या नोंदींत 'टीडीएफ' आणि पुढे बग क्रमांक असतो. तो क्रमांक बगझिलावर, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर, उघडला, की आधी झालेली सगळी चर्चा वाचायला मिळते.

आपल्या संगणकावरच्या फाइलींत मजकूर शोधणारं रिपग्रेप वेगवान आहे, पण गिटने दुर्लक्षित करायच्या आणि लपवलेल्या फाइली ते आपणहून वगळतं. कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळाचा शोध फक्त मुख्य शाखेत चालतो. एखादं फंक्शन इतर प्रकल्प कसं वापरतात हे पाहायचं असेल, तर मी डेबियन कोड सर्च उघडते: डेबियन या लिनक्स प्रणालीमधल्या सगळ्या पॅकेजांचा सोर्स एका ठिकाणी, लॉगिनशिवाय. प्रकल्पाची माहिती देणारा दस्तऐवज वाचताना मात्र तो सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीचा आहे हे आधी बघा.

शेवटी दोष फॉन्टमध्येच निघाला. दुसऱ्या फॉन्टमध्ये तोच शब्द नीट दिसत होता. या फॉन्टच्या अर्ध्या अक्षरांच्या नियमांत ऱ आणि हलन्त यांची जोडीच नव्हती. तक्रार लिहिताना मी दोन्ही शब्द, दोन्ही फॉन्टांची चित्रं आणि हार्फबझमधल्या त्या ओळीचा दुवा दिला. फॉन्ट करणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. दर्या आणि दऱ्या यांचा अर्थही मी त्यात लिहिला होता.