काळ्या मातीतल्या पाइपलाइनच्या जोडांवर टेपऐवजी स्लीव्ह

आमच्या लाइनचा एक जुना तुकडा काळ्या मातीतून जातो. खोदल्यावर पाइपावरचं थ्री-लेयर कोटिंग शाबूत निघालं, पण वेल्डच्या जोडांवरची टेप सुरकुतलेली, तिच्याखाली पाणी आणि गंज. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टेप ओढत नेते. शिवाय सुटलेल्या टेपखाली कॅथोडिक प्रोटेक्शनचा, म्हणजे गंज रोखायला पाइपाला दिलेला, करंट नीट पोचत नाही. जमिनीवर घेतलेलं त्याचं रीडिंग मात्र व्यवस्थित दिसतं!

टेप काढून एसए २.५ दर्जापर्यंत, म्हणजे पोलाद जवळजवळ पूर्ण स्वच्छ होईपर्यंत, ब्लास्टिंग (कणांचा मारा) केलं, दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारं, आतून गोंद असलेलं वेष्टन. गॅसचा टॉर्च मध्यापासून कडांकडे फिरवला की हवा अडकत नाही. कडेला गोंद डोकावला पाहिजे. पोलाद दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी तरी गरम नसेल, तर मी काम सुरूच करू देत नाही. हॉलिडे टेस्ट, म्हणजे कोटिंगमधली छिद्रं शोधणारी विजेची चाचणी, २५ केव्हीवर (किलोव्होल्ट) घेतली आणि खडे वेचलेली माती भरली.