ट्रेलरवरची छोटी सेलबोट: या चुका टाळा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी पहिली सेलबोट घ्यायचं म्हटलं की मी कॅटालिना 22 बघायला सांगतो. फ्रँक बटलर यांचं डिझाइन, 1970 च्या आसपास बाजारात आली, 15 हजारांच्या वर बोटी बनल्या, त्यामुळे जुनी बोट आणि स्पेअर पार्ट दोन्ही सहज मिळतात. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ही बोट जितकी पाण्यासाठी बनवलीय तितकीच रस्त्यासाठी. रुंदी 7 फूट 8 इंच ठेवली कारण तेव्हा हायवेवर 8 फुटांच्या वर परवानगी नव्हती (आता 8 फूट 6 इंच आहे). कील (तळाखालचं जड पातं, ते बोटीला उलटू देत नाही) वर उचलली जाते, मास्ट (शिडाचा उभा खांब) आडवा पाडता येतो, रडर (मागचं सुकाणू) काढून ठेवता येतं. आणि जे जे हलतं किंवा सुटतं तिथंच झीज होते, लोक मात्र सेल (शिडं) आणि गाद्या बघून बोट घेऊन मोकळे होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कील न बघणं. जुन्या स्विंग कील मॉडेलमध्ये 550 पौंडांची, म्हणजे 250 किलोची ओतीव लोखंडी कील एका पिनवर लटकलेली असते आणि तिचं मागचं टोक वायरने वर ओढलं जातं, विंच (वायर गुंडाळायची चरखी) आत जिन्याच्या पायरीखाली. कील खाली असली की बोटीला 5 फूट पाणी लागतं, वर घेतली की 2 फूट, म्हणून तर ती ट्रेलरवर बसते. आता बोट नीट टेकू लावून उचललेली असताना कीलचं टोक धरून बाजूला हलवून बघा (खाली शिरायचं नाही, टेकूवर भरवसा ठेवून तर अजिबात नाही). थोडी हलणारच, पण खडखड आवाज येऊन चांगलीच डुगडुगत असेल तर पिन झिजलीय, किंवा पिन धरणारे ब्रॅकेट सैल झालेत. आणि वायरवरून जुना फडका फिरवा, एक जरी तुटकी तार फडक्यात अडकली तर वायर बदलाच, कारण वायर तुटली की अडीचशे किलो लोखंड झोका घेऊन खाली येतं आणि तळाला फटका बसतो. वायर जिथून बोटीत शिरते तिथल्या रबरी पाइपचे क्लॅम्प पण बघा, गंजलेले असतील तर लगेच नवे स्टेनलेसचे लावा, तो पाइप सुटला तर पाणी सरळ आत येतं. विंचच्या ब्रेकच्या चकत्यांना तेल लावू नका, ब्रेक धरणार नाही. आणि रस्त्यावर नेताना कील ट्रेलरच्या फळीवर टेकलेली हवी, वायरवर लटकत नको, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा दणका पिनवर.

दुसरी नेहमीची तक्रार, वारा वाढला की टिलर (रडर फिरवायचा दांडा) ओढून ओढून हात दुखतो. लगेच नवा सेल घ्यायला धावू नका. आधी रडर बघा, वर उचलता येणारं पातं असेल तर ते पूर्ण खाली गेलंय का? थोडं जरी मागे झुकलेलं राहिलं तरी टिलर एकदम जड होतो, दोरी कसून बांधा किंवा बोल्ट घट्ट करा. ते ठीक असेल तर मेनसेल (मास्टमागचं मुख्य शीड) जास्त होतोय, वेळेत रीफ करा, म्हणजे शीड थोडं खाली घेऊन लहान करा, लोक फार उशिरा करतात. मग मास्ट मागे झुकलाय का ते बघा, फोरस्टे (मास्टला पुढून धरणारी वायर) थोडा आखूड केला की फरक पडतो. आणि उलट, बोट आपोआप वाऱ्यापासून दूर वळत असेल तर बहुतेक कील अर्धवट वर राहिलीय, कारण कील वर घेतली की पाण्यातला आधार मागे सरकतो.

आता मास्ट, इथे जिवाशी गाठ आहे. मास्ट ॲल्युमिनियमचा, ट्रेलरवर उभा केला की टोक जमिनीपासून 25 फुटांच्या बरंच वर. रॅम्पजवळच्या (बोट पाण्यात उतरवायच्या उताराजवळच्या) पार्किंगवरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे मास्ट उभा करायचाच नाही, घाई असली तरी नाही, आणि उभा केल्यावर ट्रेलर हलवायच्या आधी पुन्हा एकदा वर बघायचं. दुसरं, मास्ट उभा होत असताना बाजूच्या वायरींचे टर्नबकल (वायर ताणायचे आटेवाले स्क्रू) खाली आडवे पडून अडकतात आणि वर खेच बसली की आट्यांजवळ वाकतात. त्यासाठी एक माणूस फक्त तेच बघायला उभा करा. वाकलेला बोल्ट ठोकून सरळ करू नका, फेकून द्या, जोराच्या वाऱ्यात तिथूनच तुटतो.

ट्रेलरचं म्हणाल तर वजन मोजताना नुसती बोट धरतात. बोट हजार किलोच्या आसपास, पण ट्रेलर, मोटर, नांगर, सामान धरून दीड टनाच्या पुढे सहज जातं, आणि कित्येक छोट्या एसयूव्हींची ओढायची लिमिट त्याच्या खालीच असते. हुकवर एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार हवा, जड सामान मागे भरलं की ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलतो. आणि लांबून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका, चाकांचे हब गरम असतात, गार पाण्यात गेले की आतली हवा आकसून बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. अर्धा तास थांबा, तेवढ्यात मास्ट उभा करून होतो.

कॅटालिनाऐवजी मॅकग्रेगर 26 सारखी वॉटर बॅलास्टवाली (स्थिर राहायला टाकीत पाणी भरायची) बोट बघत असाल तर हिशोब वेगळा. टाकीत पाचशे किलोच्या वर पाणी मावतं आणि बोट उलटू न देणारं वजन म्हणजे मुख्यतः तेच, त्यामुळे बोट पाण्यात गेल्यावर टाकी पूर्ण भरा, झाकण नीट बंद करा, आणि मगच सेल वर घ्या, अर्धी टाकी चालणार नाही कारण बोट कलली की पाणी खालच्या बाजूला धावतं. परत बाहेर काढताना रॅम्पवर पाणी हळूहळू सोडा, पूर्ण निघेपर्यंत थांबा आणि मगच गाडी रस्त्याला लावा.