चमक मंदावली म्हणजे इलेक्ट्रॉन गेलाच, असे नव्हे

मुंबईत टीआयएफआर, आयआयटी किंवा भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या संस्थेत पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकाशप्रेरित प्रभार-स्थानांतराकडे, म्हणजे प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे कसा जातो या विषयाकडे, ओढतो तो बहुधा अतिशय आखूड स्पंदांचा फेम्टोसेकंद लेसर. मीही त्याच ओढीने आलो. मात्र या विषयात पाय रोवायचे असतील, तर सुरुवातीचे काही महिने साध्या स्पेक्ट्रोमीटरजवळ (कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला वा सोडला गेला हे मोजणाऱ्या यंत्राजवळ) घालवावेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रकाशाने उत्तेजित झालेल्या रेणूच्या द्रावणात दुसरा पदार्थ घातला आणि पहिल्याची चमक मंदावली, की इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे गेला असे लिहून नवखा विद्यार्थी मोकळा होतो. प्रत्यक्षात कधी केवळ ऊर्जाच दुसऱ्या रेणूकडे गेलेली असते, कधी विरघळलेल्या ऑक्सिजनने चमक घालवलेली असते, तर कधी नव्या पदार्थाने येणारा प्रकाश आधीच शोषलेला असतो. इलेक्ट्रॉन गेला असे म्हणायचे, तर तो जिथे पोहोचला तिथली खूण दाखवावी लागते.

ही खूण डोळ्यांनी पाहता येते. रुथेनियम-बायपिरिडीनचे नारिंगी द्रावण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून लालसर नारिंगी चमकते. इलेक्ट्रॉन स्वीकारणारे मिथाइल व्हायोलोजेन घातल्यावर ही चमक घटते. पण खरा पुरावा मिळतो तो ६०५ नॅनोमीटरजवळच्या नव्या शोषणातून, कारण इलेक्ट्रॉन स्वीकारलेले व्हायोलोजेन निळे असते. एरवी तो इलेक्ट्रॉन लगेच परततो, म्हणून रुथेनियमला इलेक्ट्रॉन पुरवणारा ईडीटीएसारखा दाता सोबत ठेवावा आणि द्रावणात आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलावा. मग निळा रंग टिकतो. बूच काढून क्युव्हेट (नमुन्याची छोटी पारदर्शक कुपी) हलवली, की हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि रंग उडतो. (हे व्हायोलोजेन म्हणजे शेतातले विषारी तणनाशक पॅराक्वॉटच, तेव्हा हातमोजे हवेतच.)

अर्धवाहकांच्या बाबतीतही तीच शिस्त लागते. अ‍ॅनाटेज टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने ते स्वतः दृश्य प्रकाश जवळपास शोषत नाही. त्यावर बसवलेला रंजक (डाय) प्रकाश शोषतो आणि टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन सोडतो. ओरेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ साली मांडलेला सौरघट याच तत्त्वावर चालतो. तुलनेसाठी तोच रंजक अ‍ॅल्युमिनावर बसवून मोजावा, कारण अ‍ॅल्युमिनाचा वहनपट्टा (मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी) इतका वर असतो की रंजकातून इलेक्ट्रॉन तिथे शिरू शकत नाही. हा नमुना कंटाळवाणा वाटतो, पण परीक्षक पहिल्यांदा तोच मागतात.

लेसरवर बसल्यावर, नमुन्याला उत्तेजित करणारा आणि नंतर त्याची तपासणी करणारा अशा दोन स्पंदांमधला विलंब मोजण्याचे गणित हातोहात यायला हवे: आरशांची सरकपट्टी एक मिलिमीटर हलली, की प्रकाशाचा जाऊन-येऊन मार्ग दोन मिलिमीटर वाढतो, म्हणजे सुमारे ६.७ पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोसेकंद). मुंबईच्या दमट पावसाळ्यात एसी किंवा डिह्युमिडिफायर बंद पडला, तर लेसरची जुळणी बिघडण्याची भीती असते आणि पेरोव्हस्काइट या सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या अर्धवाहकाचे थर तर उघड्यावर खराबच होतात. शक्य असेल तर मोठी मोजणी दिवाळीनंतर ठेवावी आणि जुलै-ऑगस्ट इलेक्ट्रॉन-स्थानांतराचा वेग सांगणाऱ्या मार्कस सिद्धांताला द्यावेत. १९५६ पासून रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्कस यांनी तो उभा केला. चालक ऊर्जा (स्थानांतरातून सुटणारी ऊर्जा) एका मर्यादेपलीकडे वाढली की स्थानांतर उलट मंदावते, हे त्याचे भाकीत १९८४ साली प्रयोगाने स्पष्टपणे सिद्ध झाले आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सोडलेला इलेक्ट्रॉन लवकर परतू नये अशी रेणूंची जोडी निवडताना हेच भाकीत कामी येते.