पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायचाय? मग आधी हा अल्बम लावा
सगळे 'द डार्क साइड ऑफ द मून'पासून (1973) सुरुवात करायला सांगतात. मी म्हणेन, 1975 चा 'विश यू वेअर हिअर' आधी घ्या. पाचच ट्रॅक, पाऊण तास. रात्री दिवा मालवा, हेडफोन लावा आणि शफल आठवणीने बंद करा. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे नऊ भाग अल्बमच्या दोन टोकांना वाटून ठेवलेत. क्रम मोडला की सगळं विस्कटतं. शब्द सुरू व्हायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. पुढे ढकलू नका! गिलमूरच्या गिटारचे ते चार सूर शांततेतून कसे उगवतात, तेच ऐकायचंय. गाणं आहे बँडपासून दुरावलेल्या संस्थापक गायक-गिटारवादक सिड बॅरेटसाठी. रेकॉर्डिंग चालू असताना तो स्वतः अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला, आणि जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. मला अजूनही गलबलून येतं.

मग 'अ‍ॅनिमल्स' (1977), त्यातलं 'डॉग्ज' तर दोनदा.

'द वॉल' (1979) मला फार लांबलेला वाटतो. 26 ट्रॅकपैकी 'हे यू' आणि 'कम्फर्टेबली नंब' निवडून ऐका. 'द फायनल कट' (1983) सोडलात तरी चालेल. त्यात बँडच्या जुन्या कीबोर्डवादकाचा, रिक राइटचा, कीबोर्डच नाही, आणि ती पोकळी मला गाण्यागणिक बोचते.