सातच्या शाळेआधी चहा-खारी नको

पुण्यात सकाळच्या सत्राची मुलं रिक्षाकाकांच्या हॉर्नवर घराबाहेर पडतात, तीही अनेकदा चहा-खारीवर. खारी म्हणजे मैदा आणि तूप-डालडा. त्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे तिसऱ्या तासाला लक्ष फळ्यावरून डब्याकडे. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. लोह कमी पडलं की मूल मरगळतं.

त्याऐवजी मुगाचं धिरडं द्या. रात्री अर्धी वाटी हिरवे मूग भिजत घाला. सकाळी आल्याच्या तुकड्यासोबत वाटा आणि पीठ पळीवाढं ठेवा. पातळ झालं तर धिरडं तव्यावर फाटतं. मग चमचाभर तांदळाची पिठी घाला. खाताना लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. इतक्या सकाळी घास उतरत नसेल तर बळजबरी नको. अर्धं घरी, अर्धं छोट्या सुट्टीत.

५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती तुकड्या-तुकड्यांत चालते: पार्किंगमध्ये लंगडी, दोरीवरच्या उड्या. परीक्षा आली की पहिली गदा खेळावर येते, हे उलटंच! अभ्यासाला बसण्याआधीची वीस मिनिटं तरी राखून ठेवा.